रेडिएटरमधली हळद

"अगं शालन, तुझी गाडी मुतली बघ रांगोळीत!"

अक्काचा आवाज असा, की नदीपलीकडच्या म्हशींनी माना वर कराव्यात. मी न्हाणीच्या दारात दाढीला फेस लावून बसलो होतो, तो फेसासकट अंगणात धावलो. लग्न माझंच होतं, आणि अंगणात उभी होती ती माझ्या बाबांची गाडी.

अक्का म्हणजे माझी थोरली काकू. आख्खं घर तिला अक्का म्हणायचं आणि आख्खी गल्ली तिला भ्यायची. लग्नकार्यात कुठला विडा कुणाला, कुठली ओटी कुणाची, अक्षता आधी की औक्षण आधी, सगळं तिला विचारून. नजर तर अशी तिखट, की ओट्यावर बसून ती शेजारणीच्या सुपातला खडा दाखवायची.

आत्ताही तिनं ओट्यावरूनच पाहिलं होतं. गाडीच्या पोटाखालून हिरवं पाणी थेंब थेंब गळत होतं. त्याचा ओघळ होऊन अक्कानं पहाटे काढलेल्या कमळात शिरला होता आणि कमळाच्या पाकळ्या शेवाळासारख्या दिसायला लागल्या होत्या.

"कूलंट गळायलंय," मी म्हणालो.

"ते काय असेल ते असो. हळद घेऊन कोण जाणार आता?"

हाच प्रश्न होता. आमच्याकडं आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्याच वाटीतली उरलेली उष्टी हळद नवरीकडं जाते. ती पोचल्याशिवाय नवरीच्या अंगाला बोट लागत नाही. नीलांबरी तिकडं भिलवडीला पिवळी साडी नेसून बसली असणार, आणि इकडं आमची ठकी गळत होती. ठकी म्हणजे ही गाडी. हे नाव बाबांनी ठेवलेलं, कारण ती भाड्याच्या वेळेला नेमकी ठकवायची.

शालन म्हणजे माझी आई. ती स्वयंपाकघरातून आली. पदरानं हात पुसत गाडीसमोर उकिडवी बसली, बोटानं ओघळ टिपला, चोळून पाहिला. तिचा चेहरा पडला.

"सकाळी चालू केली तेव्हा तर ठीक होती की रे," ती म्हणाली.

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होतो. ते ही गाडी भाड्यानं चालवायचे आणि बिघडली की अंगणातच उघडून बसायचे. पाना-पकड देणारी, कंदील धरणारी, नट वाटीत वेचून ठेवणारी आईच असायची. बाबा गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाका. आईनं विकली नाही. रोज सकाळी देवपूजा झाली की ती गाडी पुसायची, चालकाच्या जागी बसून किल्ली फिरवायची, आणि इंजिनाचा आवाज ऐकत थोडा वेळ बसून राहायची. चालवायला शिकली नाही कधी. मी शिकलो.

"भाड्यानं ट्रॅक्स सांगून येऊ का कुणाची?" तात्या म्हणाले. तात्या म्हणजे थोरले काका, अक्काचे यजमान. मोठा मऊ माणूस. तंटा कुठं दिसला की तात्या आधी चपला शोधायचे.

"ट्रॅक्स नको," आई म्हणाली.

"अगं पण..."

"हळद ठकीतनंच जाईल, भावजी."

थोरल्या दिरासमोर आई कधी मान वर करून बोलत नसे. तात्यांनी चपलेत घातलेला पाय परत काढला.

आई का हटून बसली होती, ते एकट्या मला ठाऊक होतं. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मी तिच्याशी भांडलो होतो. म्हणालो होतो, "उद्या पहिली हळद तू लावायचीस. तू लावलीस तरच मी पाटावर बसेन."

"खुळा आहेस का?" आई म्हणाली. "सवाष्णींनी लावायची असते ती."

"मला वाढवलं कुणी? सवाष्णींनी?"

"हळू बोल. बाहेर बाया आहेत."

"असू देत."

तेव्हा तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "जया, त्या पोरीच्या कुंकवाचा विचार कर. उद्या तुला साधी शिंक आली तरी लोक माझ्या हाताकडं बघतील. लोकांचं सोड. मीच बघेन. रात्रीची झोप लागायची नाही मला."

मग तीच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "मी नसले म्हणून काय झालं? तुझ्या बाबांची गाडी जाईल की हळद घेऊन. आमच्या दोघांच्या वाटणीचं ती करेल."

आणि आता ठकीनं सकाळीच पाणी सोडलं होतं.

"गरम आहे का रे अजून?" म्हणत तात्यांनी बॉनेट उचललं आणि रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला.

"हात लावू नका!" आई एवढ्यानं ओरडली की तात्या दोन पावलं मागं उडाले. "वाफ तोंडावर येईल, भावजी. निवू द्या आधी."

मी तोंडावरचा फेस पुसला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि गाडीखाली शिरलो. मांडवात खसखस पिकली. शेजारच्या इंदूकाकी म्हणाल्या, "अगं बाई, नवरदेव बघा! हळदीच्या आधी काजळी!"

"काजळीच लागूदे, दृष्ट नाही लागायची," अक्का म्हणाली, पण तिचा डोळा आईवर होता.

आईनं झाकणावर ओलं पोतं टाकलं. झाकण निवल्यावर फडकं धरून ते अर्धंच फिरवलं, फुस्स करून वाफ जाऊ दिली आणि मगच काढलं. आत पाण्याचा तळ दिसत होता. मी तांब्या तांब्यानं पाणी ओतत गेलो. खाली पुन्हा थेंब सुरू झाले.

"कुठनं येतंय दिसंना," मी म्हणालो. "सगळंच ओलं आहे."

"थांब."

आईनं सगळं कोरडं पुसून काढलं. मग अक्काची रांगोळीची करवंटी उचलली, चिमूट चिमूट घेऊन पाइपावर आणि रेडिएटरच्या अंगावर फुंकली. सगळं पांढरंफेक झालं.

"माझी रांगोळी!" अक्का ओट्यावरून म्हणाली.

"तुमच्या कमळाचा सूड उगवायलेय, अक्का," आई म्हणाली. भांडणानंतर पहिल्यांदा ती हसली होती. मला बरं वाटलं.

जरा वेळानं पांढऱ्या रांगोळीत खालच्या रबरी पाइपाच्या तोंडाशी एक ओली रेघ उमटली. पाइपाची क्लिप सैल पडली होती. मी पाना लावून आवळायला घेतली.

"फार नको आवळू. रबर कापलं म्हणजे बसशील बोंबलत," आई वरून म्हणाली. "तुझे बाबा म्हणायचे, नट आणि नवरा, दोन्ही बेतानं आवळावेत."

"हे असलं बोलायचे ते तुझ्याशी?"

"तू लहान होतास. तुला काय कळतंय?"

क्लिप बसली आणि रेघ थांबली. आम्ही मायलेक एकमेकांकडं बघून हसणार, एवढ्यात रेडिएटरच्या मधोमध, जाळीच्या एका नळीवर, टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका उठला. बघता बघता तो मोठा झाला आणि ओघळला.

आता क्लिपही नाही, पानाही नाही. नळीलाच भोक. म्हणजे रेडिएटर उतरवून, डाग देऊन आणायचा. त्यात संध्याकाळ झाली असती.

मी गाडीखालून बाहेर आलो. आई जाळीवर हात ठेवून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. तिनं मागून मागून मागितलं काय होतं? हळद लावायला नको, भिलवडीला जायला नको, मांडवात पुढं बसायला नको. फक्त ही गाडी जाऊ दे. तेवढंही होत नव्हतं.

"जाऊ दे, आई," मी म्हणालो. "आणू ट्रॅक्स."

तिनं नाक ओढलं. "आंबा घाटात एकदा असंच झालं होतं," ती म्हणाली. "तू पोटात होतास. घाटात कोण येतंय मदतीला? तुझ्या बाबांनी माझ्या डब्यातली हळदीची पुडी घेतली, पाण्यात कालवली, ओतली आत. हळद त्या भोकात जाऊन बसली. घरापर्यंत आलो की." तिनं डोळे पुसले. "हळद आण, जया. कोरडी. वाटीभर."

मी स्वयंपाकघराकडं पळालो. अक्का माझ्या आधीच तिथं पोचली होती. ओट्यावरून कधी उठली कोण जाणे.

"हळद दे, अक्का. गाडीला पाहिजे."

अक्कानं फळीवरचे डबे इकडं तिकडं केले. "डबा दिसंना बाई कुठं. डोळेच गेले माझे." मग देवघराच्या कोनाड्यातून एक पितळी वाटी काढली. वर तलम कापड बांधलेलं होतं. "ही घे. पळ."

मी पळालो.

आईनं आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. हळदीला मळका हात लावायचा नाही, मग ती आमटीत पडणार असो की इंजिनात. चमचाभर पूड तिनं पाण्यात कालवली आणि ओतली. मी गाडी चालू केली. ठकी खोकली, थरथरली, लागली. ठिपका बारीक झाला, पण थांबेना.

"अजून थोडी," आई म्हणाली. वाटी तिनं बॅटरीवर ठेवली होती. दुसरा घोट कालवून तिनं ओतला आणि आम्ही दोघं जाळीला नाक लावून बघत राहिलो.

ओघळ थांबला. जाळीवर पिवळा कण चिकटल्यासारखा दिसत होता, बस्स. मी आनंदानं टाळी वाजवली. "जरा वाढव," आई म्हणाली, "जोर दिल्यावर गळतंय का बघू." मी आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय दिला. ठकीचं सगळं अंग थडथडलं आणि बॅटरीवरची वाटी नाचत नाचत कडेला आली.

आईनं झेप घेतली. वाटी निसटली आणि खालच्या हिरव्या चिखलात जाऊन पालथी पडली. तिनं दोन्ही हातांची ओंजळ धरली होती, तीत जेवढी आली तेवढी हळद उरली.

नेमक्या त्याच वेळी इंदूकाकी मांडवातून आल्या. "हळदीची वेळ झाली की. अक्का, घाण्याची वाटी कुठंय?"

अक्का दारात उभी होती. तिनं शांतपणे गाडीखाली बोट दाखवलं.

ती घाण्याचीच वाटी होती. आदल्या दिवशी पाच सवाष्णींनी गाणी म्हणत उखळात हळकुंडं कुटली होती, पूड वस्त्रगाळ केली होती, देवापुढं ठेवली होती. घाणा भरला तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत बसली होती. ती वाटी तिनं पाहिलेलीच नव्हती. मी तर पुरुषमाणूस, मला कोनाड्यातली वाटी आणि फळीवरची वाटी एकच.

आईचा चेहरा पांढरा पडला. ओंजळ तशीच धरून ती पुटपुटली, "अक्का... मला माहीत नव्हतं हो. देवाशप्पथ."

"आता गं बाई?" इंदूकाकी म्हणाल्या. "विधवेचा हात लागला की सगळ्याला." मग स्वतःच ओशाळल्या. "म्हणजे, मी आपली रीत म्हणून बोलले. डब्यातली दुसरी घ्या ना, अक्का."

"डब्यात चिमूटभर नाही!" अक्का गरजली.

हरिपुरात राहायचं, जिथं जमिनीच्या पोटातली पेवं हळदीनं भरलेली असायची, आणि घरात चिमूटभर हळद नाही! पण अक्काला खोटी म्हणायची छाती कुणाची होती?

"शेजारनं आणू?"

"घाण्याची हळद बदलतात होय, इंदू? कुठं शिकलीस?" अक्का पायऱ्या उतरून अंगणाच्या मधोमध आली, कमरेवर हात ठेवला. "घाण्याची हळद सांडली, तर जिच्या हाताला लागली तिनंच ती लावायची. सांडली म्हणजे देवानं हात निवडला. आमच्या हरिपूरची रीत आहे ती."

ही रीत त्या दिवसापर्यंत हरिपुरात कुणी ऐकली नव्हती. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. तात्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"हो ना हो?" अक्कानं त्यांनाच पकडलं.

"हो हो," तात्या म्हणाले. "जुनी रीत आहे. फार जुनी."

"अक्का, नको," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मला भीती वाटते हो. पोराचं काही..."

अक्का तिच्याजवळ गेली आणि एकदम हळू आवाजात बोलली. जवळ असल्यानं ते मलाच ऐकू आलं. "शालन, तुझ्या हातानं या पोराचं आजवर काय वाईट झालंय, सांग बघू मला. एक सांग." अक्का वळली आणि पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "बस रे पाटावर. बघतोस काय?"

मी बसलो. गुडघ्यावर काजळी, कपाळावर रांगोळी, अंगाला ऑइलचा वास. आई समोर वाकली. अक्कानं तिच्या ओंजळीत दुधाची धार सोडली, तशी हळद कालवली गेली. आईनं पायांना लावली. मग गुडघ्यांना. डाव्या गुडघ्यावर तिचा हात थांबला. तिथं जुना वण आहे. चिंचेवरून पडलो होतो, तेव्हा याच हातांनी त्यात हळद भरून चिंधी बांधली होती.

"दुखतंय का?" आईनं विचारलं. मग स्वतःच दचकली आणि रडत रडत हसायला लागली.

मला हुंदका आवरेना. आयुष्यभर हिनंच तर मला हळद लावली होती. गुडघ्याला लावली, कोपराला लावली, खोकल्यात दुधातून पाजली. तिचे ते तळवे माझ्या दोन्ही गालांवर आले, तेव्हा मांडवात आणखी कोण कोण होतं ते मला दिसतच नव्हतं.

त्यानंतर बाकीच्यांनीही लावली. सगळ्यात आधी इंदूकाकींनी.

वाटी धुऊन तीत उरलेली उष्टी हळद काढली आणि गाडीत ठेवली. तात्या चालवायला बसले, अक्का मागं. आई बाजूला पाण्याचा डबा घेऊन उभी होती, तो देण्यासाठी. अक्कानं दार उघडलं.

"बस."

"मी कशाला?"

"आणि वाटेत उकळली म्हणजे? हे बघणार होय?" तिनं तात्यांच्या पाठीकडं हात केला. "यांना अजून झाकणातलं आणि स्टेपनीतलं कळत नाही. बस म्हणते ना!"

आई बसली. ठकी भिलवडीला जाऊन परत आली, आणि पाण्याचा डबा भरला होता तसाच परत आला. नीलांबरी पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, "तुमच्या हळदीला इंजिनाचा वास येत होता. मला वाटलं, हरिपुरात असंच असतं."

त्या संध्याकाळी आई आमटीला फोडणी टाकत होती. मी तिथंच पाटावर बसलो होतो. तिनं फळीकडं हात नेला आणि तो तसाच राहिला. सगळ्यात पुढं, डोळ्यांसमोर, हळदीचा डबा होता. तिनं झाकण उघडून माझ्यापुढं धरलं. काठोकाठ भरलेला.

मग त्यातली चिमूटभर फोडणीत टाकली. बाहेर ओट्यावरून अक्का कुणाला तरी ओरडून सांगत होती, की मांडवाच्या चौथ्या खांबावर मुंगळा चढतोय.

पुढं माझ्या लेकाचं लग्न निघालं. ठकी तोवर गेली होती. तात्याही गेले होते. हळदीच्या दिवशी सकाळी बघतो तर अक्का कुठं दिसेना. ती आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसली होती, भिंतीला टेकून, मांडीवर तांदळाचं सूप. मी बोलावलं तर म्हणाली, "जा तू. मला इथनं सगळं ऐकू येतंय." आयुष्यभर रीती सांगणारी बाई, स्वतःची रीत ती मोडणार नव्हती. मी दारातच उभा राहिलो.

माझ्या मागून आई आली. वाकलेली, एका हातात काठी. दुसऱ्या हातात ती जुनी पितळी वाटी. ती अक्काच्या पुढ्यात गेली, खाली वाकली, आणि वाटी सरळ तिच्या हातांवर पालथी केली.

"अगं अगं! घाण्याची हळद ना ती?" अक्का किंचाळली. सूप, तांदूळ, लुगडं, सगळं पिवळं झालं. "डोळे गेले का तुझे, शालन?"

"गेले बाई," आई म्हणाली. "तुमचे गेले होते तसेच."

अक्का तिच्याकडं बघत राहिली. मग आपल्या पिवळ्या हातांकडं. तेवढ्यात मांडवातून इंदूकाकींचा म्हातारा, चिरका आवाज आला, "सांडली का? मग घेऊन या तिला बाहेर! जिच्या हाताला लागली तिनं लावायची. हरिपूरची रीतच आहे."

अक्कानं मला हात दिला, गुडघे धरत उठली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नाही म्हणून खांद्याला गाल घासत म्हणाली,

"कुठल्या मेलीनं काढली गं ही रीत?"